उस्तादाचं नाव छापत नाहीत

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा विडी कामगारांच्या युनियनचं काम करायचे आणि छापखान्यातून आलेले गठ्ठे खाटेखाली ठेवायचे. पिवळी, गुलाबी, कधी फिकट हिरवी. वाटून उरलेली पत्रकं घरभर कामाला यायची. माय ती डब्यांच्या तळाशी घालायची, फडताळात अंथरायची, पाहुण्यांना चिवडाही त्यांच्यावरच मिळायचा. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. शाळेत बाराखडी चालू होती तेव्हा मला 'कामगार बंधू-भगिनींनो' एका दमात वाचता यायचं. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी ओळखीचे झाले. त्यामुळे जगात काहीही चुकीचं दिसलं की त्यावर पत्रक काढायचं असतं, अशी माझी पक्की समजूत होती. आठवीत असताना मी शाळेच्या नळाबद्दल हाताने लिहून एक पत्रक काढलं होतं. नळ दुरुस्त झाला. ही गोष्ट पुढे मला फार महागात पडली, कारण त्यातून मी एवढंच शिकले की पत्रक काढलं की काम होतं.

बाबा पत्रक लिहायला बसले की मायच्या कात्रीचा आवाज तेवढा चालू असायचा. माय दारात उजेडाला बसून तेंदूपत्ता कापायची, मांडीवरच्या सुपात जर्दा, बोटाला सूत. कर्रर्र, कर्रर्र असा तो आवाज दिवसभर. मध्येच थांबला की समजायचं, भात उतरवायची वेळ झाली. भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी, पावसाळ्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांची भाजी आणि बाजाराच्या दिवशी सुके झिंगे. झिंगे भाजायला घेतले की गल्लीतली मांजरं आमच्या दारात येऊन बसायची आणि बाबा म्हणायचे, "आली, जनरल बॉडी आली."

बाबांचे पत्रकाचे नियम होते. "तीन गोष्टी पायजे," ते म्हणायचे. "कोणं केलं, कोणाचं केलं, पुरावा काय. बाकी सारा मसाला." आणखी एक गोष्ट ते कधी नियम म्हणून सांगत नसत, पण मी पाहून शिकले होते. ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस तोंड उघडत नाही. ठेकेदार विड्या तपासताना मनाला येईल तेवढी छाट काढायचा, म्हणजे खराब म्हणून बाजूला फेकायचा, आणि त्याच विड्या मागून विकायचा. बायांना विचारलं तर बाया त्याच्या तोंडावर म्हणायच्या, "नाई जी, आमाले काई तकरार नाई." मग बाबा त्यांच्या वतीने पत्रक काढायचे. म्हणजे माणूस 'तक्रार नाही' म्हणाला की तक्रार नक्की आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता. पस्तीस-छत्तीस हे काही आत्मकथन लिहायचं वय नव्हे, हे मला कळतं. पण हा अर्थ मी कसा लावला आणि त्याने कोणाचं काय नुकसान झालं, ते सांगणारी माणसं एकेक करून कमी होत आहेत, म्हणून हे प्रकरण आत्ताच लिहून ठेवते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरला राहणाऱ्या नीलमदीदींनी मला बोलावणं पाठवलं. त्या एका शाळेत हिंदी शिकवायच्या. त्यांचे वडील त्यांच्याकडे राहायला आले होते आणि सोबत ट्रंकभर वह्या होत्या. साऱ्या उर्दू लिपीत. घरात ती लिपी कोणाला येत नव्हती. वडिलांना दुसरी कोणती येत नव्हती. त्यांच्या गझलांचं पुस्तक काढायचं ठरत होतं आणि ते देवनागरीत निघणार होतं, म्हणून ते सांगतील ते लिहून घेणारं माणूस हवं होतं. मी युनियनचे फलक रंगवायची, माझं अक्षर गावाला माहीत होतं.

चमनलाल 'गुबार' हे त्यांचं नाव. गुबार म्हणजे धूळ. सारे त्यांना बाऊजी म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. बुटके, गोरे, कडक इस्त्रीचा पायजमा आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात पाहिला, रंगाचे डाग पाहिले आणि विचारलं, "पुत्तर, पेंटर है?"

"नाही जी, पोस्टर लिहिते. युनियनचे."

"मैं भी बोर्ड पेंट करता था. दिल्ली में. 'यहाँ ताज़ा दही मिलता है.' वो मेरी पहली छपी हुई लाइन है."

त्यांचं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्यानेच कळत गेलं, कारण गझल सांगता सांगता ते मध्येच भरकटायचे. त्यांचे वडील सीमेपलीकडच्या एका गावात कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. बाऊजींची उर्दू तिथली, अर्जातली. सतराव्या वर्षी ते इकडे आले. दिल्लीत छावणी, मग पाट्या रंगवणं, मग लुधियाना. तिथे एका मुशायऱ्यात त्यांनी गझल वाचली आणि पंजाबी सिनेमा काढायला निघालेल्या एका निर्मात्याने त्यांना सरळ मुंबईला नेलं. सायन कोळीवाड्यात एका खोलीत सहा माणसं. गाणी लिहायची कशी, हे तोवर त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं आपण लिहू आणि संगीतकार चाल लावेल. संगीतकाराने पेटीवर चाल वाजवली आणि त्यावर स्वतःच 'टमाटर ले लो, आलू ले लो' असले कसलेही शब्द म्हणून दाखवले. "इसी वज़न पे हीरोइन का दिल टूटना चाहिए, शाम तक." बाऊजींनी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजून संध्याकाळपर्यंत आलूच्या जागी दिल बसवलं. पुढे पंचवीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. हिंदी चित्रपटांसाठी उर्दूत, पंजाबी चित्रपटांसाठी पंजाबीत, आणि दोन्ही एकाच लिपीत. एका चित्रपटाची सातही गाणी त्यांनी आठ दिवसांत लिहिली होती, कारण नायिकेला परदेशी जायचं होतं. एकदा पडद्यावर त्यांचं नाव 'गुब्बारा', म्हणजे फुगा, असं आलं. ते पाहायला ते बायकोला घेऊन गेले होते. बायको तीन दिवस हसत होती, म्हणायचे.

मग पंजाबात वाईट दिवस आले, पंजाबी चित्रपट निघेनासे झाले. हिंदीत निर्माते म्हणू लागले, लफ्ज आसान करा. बाऊजी आसान करत गेले. "इतना आसान किया, इतना आसान किया कि फिर मेरी ज़रूरत ही नहीं रही." हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. पाऊस पडला म्हणावं तसं, एवढंच. बायको गेली, खोली विकली आणि ते मुलीकडे गोंदियाला आले. गोंदिया त्यांना आवडायचं, कारण इथे सगळ्या गाड्या थांबतात. एका गोष्टीवर मात्र त्यांचा राग होता. "दो वक़्त चावल! चावल तो बुख़ार में खाते हैं." मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मायच्या हातातली कात्री थांबली. "मंग आमी सारा गोंदिया बिमार हाओत काय?" ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्यासाठी तांदळाच्या पिठाचे चिले बांधून दिले, जवसाच्या चटणीसोबत. बाऊजींनी चार खाल्ले आणि विचारलं, हे कशाचे आहेत? मी सांगितलं नाही.

दर दुपारी कॉलेज सुटलं की मी सायकलने फुलचूरला जायची. ते सांगायचे, मी लिहायची. त्यांचा डोळा फारच अधू झाला तेव्हा त्यांना स्वतःचंच अक्षर लागेना, म्हणून त्यांनी मला ती लिपी शिकवली. अलिफ, बे, पे. चार महिन्यांत मी अडखळत वाचू लागले. मी स्वतःच्या कविताही त्यांना दाखवायची. एक विडी कामगारांवरची होती, मला फार आवडायची. त्यांनी पूर्ण ऐकली. "पुत्तर, इसमें तो तूने सब कह दिया," ते म्हणाले. "सुनने वाला क्या करे? घर जाए?" मला राग आला. आता मी नव्या मुलांच्या कविता वाचते तेव्हा हेच म्हणते आणि त्यांनाही राग येतो.

एक गाणं होतं, ज्याच्यामुळे हे सारं झालं. ते बाऊजींच्या नावावर नव्हतं. सासरी निघालेली मुलगी आईला, भावाला काही न म्हणता अंगणातल्या विहिरीच्या दोराला म्हणते, आता माझ्या हाताची सवय सोड. पंजाबी लग्नांत हे गाणं वाजतंच, गोंदियातले बँडवालेही वाजवतात. चित्रपटात नाव होतं जोगिंदर 'तपिश' यांचं. त्या एका गाण्यावर तपिश मोठे झाले. मी ट्रंकेतली एक जुनी वही उलटत होते आणि त्यात मला हे गाणं सापडलं. बाऊजींच्या अक्षरात, काळ्या शाईत. आणि त्यावर लाल शाईने खाडाखोड, तीही बाऊजींच्याच अक्षरात. 'आई' खोडून वर 'विहिरीचा दोर' लिहिलं होतं. म्हणजे ती ओळ जिथे जन्मली ती जागा मी बघत होते.

"बाऊजी, यह गाना आपने लिखा?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "गाना जोगिंदर का है."

"पण अक्षर तुमचं आहे."

"तेरे को क्या करना है? गाना उसका है, मुझे कोई शिकायत नहीं. अगली ग़ज़ल निकाल."

तक्रार नाही. मला एवढंच पुरे होतं. मला समोर ठेकेदारापुढे उभ्या असलेल्या बाया दिसल्या. त्यातच नीलमदीदींनी सांगितलं की तपिश गोंदियाला येत आहेत. इथल्या व्यापाऱ्यांच्या एका समितीने त्यांचा सत्कार ठेवला होता, दुपारी, समाजभवनात. आणि बाऊजींच्या पुस्तकाला प्रस्तावना तेच लिहिणार होते. पंजाबातल्या त्यांच्या ओळखीच्या प्रकाशकाकडे पुस्तक तेच लावणार होते. बाऊजी पंधरा दिवसांपासून कोणता कोट घालायचा ते ठरवत होते. चोराच्या हातून प्रस्तावना घ्यावी लागते, म्हातारा माणूस आणखी काय करणार, असं मी मनाशी म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चालीवर लिहिलेल्या माणसाचं, स्वतःच्या चालीवरचं हे एकच पुस्तक होतं. ते मला माहीत होतं. मीच तर लिहून घेत होते.

मी पत्रक लिहिलं. 'एका गीताची चोरी.' कोणी केली, कोणाची केली, पुरावा काय. तिन्ही गोष्टी होत्या. लाल शाईच्या पानाची झेरॉक्स खाली जोडली. ते पान मी वहीतून न विचारता काढून नेलं होतं, हेही लिहून टाकते. हिंदीतही एक बाजू छापली, कारण सभेला येणारी मंडळी हिंदी वाचणारी. बाबा त्या आठवड्यात युनियनच्या कामाने तिरोड्याला होते. छापखानेवाल्या काकांनी युनियनचंच काम समजून तीनशे प्रती काढून दिल्या. फक्त मायने विचारलं. ती सूत तोडत होती.

"त्या बुढ्याले इचारलंस काय वो?"

"विचारलं. भीतीने बोलत नाही तो."

"भीतीनं? तो त कलेक्टरलेबी बेटा म्हणते," माय म्हणाली. "तू कायले त्याच्या वतीनं भेऊन राहिली?"

मी सायकल काढली.

समाजभवनाच्या दारात उभी राहून मी सारी पत्रकं वाटली. लोक निमंत्रण समजून घेत होते आणि आत जाऊन वाचत होते. तपिश आत आले, उंच, पांढरी दाढी, निळी पगडी. त्यांनी सरळ पहिल्या रांगेत बसलेल्या बाऊजींचे पाय धरले. बाऊजींनी त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली. मी हे दारातून पाहिलं आणि मनात म्हटलं, नाटक. मग कोणीतरी स्टेजवर तपिशांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी ते वाचलं, उलटून दुसरी बाजू वाचली. शाल घेऊन आलेल्या माणसाला हाताने थांबवलं. माइकवर एवढंच म्हणाले, "यह मेरे उस्ताद का मामला है. उस्ताद के बारे में मैं स्टेज से जवाब नहीं देता. माफ़ कीजिए." आणि खाली उतरून मागच्या दाराने निघून गेले. नीलमदीदी बाऊजींच्या कानाशी पत्रक वाचत होत्या. माझी कल्पना होती की बाऊजी आता उठतील आणि लोक टाळ्या वाजवतील. बाऊजी उठले. माझ्यासमोरून गेले. त्यांचा कोट तपकिरी होता. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "पुत्तर, तूने मुझे भिखारी बना दिया." आणि ऑटोत बसले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा नीलमदीदींनी मला दारातच थांबवलं आणि जे मला आधीच विचारता आलं असतं ते सांगितलं. जोगिंदर हे बाऊजींचे शागीर्द. त्यांना गुरमुखी यायची, उर्दू लिपी नाही. बाऊजींना गुरमुखी येत नाही. म्हणून जोगिंदर गाणं म्हणून दाखवायचे, बाऊजी ते काळ्या शाईत आपल्या लिपीत उतरवायचे आणि मग लाल शाईने सुधारायचे. याला इस्लाह म्हणतात. शिष्याने रचना दाखवायची, उस्तादाने दुरुस्त करायची आणि दुरुस्त झालेली रचना शिष्याचीच राहते. उस्तादाने तिच्यावर हक्क सांगणं म्हणजे दिलेलं दान परत मागणं. "उस्तादाचं नाव छापत नाहीत," नीलमदीदी म्हणाल्या. "छापलं तर त्याचा अर्थ होतो की शिष्य अडाणी आणि उस्ताद लालची. तू दोन्ही छापलंस." त्यांनी हात पुढे केला. "और वो पन्ना वापस कर."

बाबा तिरोड्याहून आले. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडतील. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "पुरावा बरोबर हाये. पण हा कायचा पुरावा हाये, हे तुले कोणं सांगतलं?" मग म्हणाले, "तीनशे वाटलेस ना? मंग तीनशे माफीचे काढ. ज्याच्या हातात ते गेलं, त्याच्या हातात हे गेलं पायजे. आणि आधी बाऊजीले वाचून दाखव."

माफीचं पत्रक कसं लिहितात, हे आमच्या खाटेखालच्या एकाही गठ्ठ्यात नव्हतं. मी चार मसुदे फाडले. पाचवा घेऊन फुलचूरला गेले. नीलमदीदींनी आत येऊ दिलं, चहा मात्र विचारला नाही. बाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून मला माझी माफी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी लागली. मी चूक काय केली, पान कसं नेलं, इस्लाह म्हणजे काय, तपिशांवरचा आरोप खोटा कसा. मग शेवटी एक परिच्छेद होता, बाऊजींसारखा थोर, निःस्वार्थी कवी वगैरे. तिथे त्यांनी कूस बदलली.

"यह आख़िरी वाला काट दे."

"का, बाऊजी?"

"माफ़ी उससे माँग रही है, तारीफ़ मेरी कर रही है. फिर वही काम."

मी तिथेच खोडला. ते म्हणाले, आता ठीक आहे. आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

तपिश सत्कारानंतर दोन दिवस नातेवाइकांकडे थांबले होते आणि दुपारच्या गाडीने नागपूरकडे निघणार होते. मी पहिली प्रत घेऊन प्लॅटफॉर्मवर गेले. बाबा सोबत यायला निघाले, पण पुलाच्या पायऱ्यांपाशीच थांबले. तपिश बाकावर बसून मोसंबी सोलत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि पत्रक वाचलं.

"पहले वाले में लिखा था मैं चोर हूँ," ते म्हणाले. "इसमें लिखा है वो गाना मेरा है. दोनों पूरे सच नहीं हैं. विहिरीवाली ओळ..." इथे ते हिंदीतच म्हणाले, पण मला ते वाक्य आजही माझ्याच भाषेत आठवतं. विहिरीवाली ओळ त्यांची आहे. मी आईला रडवत होतो. त्यांनी आईला काढलं आणि दोर आणला. मी म्हटलं, उस्तादजी, पडद्यावर दोघांचं नाव देऊ. तर म्हणाले, मग दुसरा उस्ताद शोध.

"मग प्रस्तावना?" मी विचारलं. "ती तुम्ही लिहाल ना?"

त्यांनी मोसंबीची फोड माझ्यापुढे केली. मी घेतली नाही, मग घेतली. "अब कैसे लिखूँ, बेटी? लिखूँगा तो लोग कहेंगे मुँह बंद करने को लिखा. और कहेंगे, बुड्ढे ने शिकायत बेच दी. उनकी किताब पर यह दाग़ मैं क्यों लगाऊँ?" गाडीची घोषणा झाली. ते उठले. मी त्यांची बॅग उचलायला गेले तर त्यांनी ती उचलू दिली नाही.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी आजवर त्यात खोट शोधते आहे, सापडलेली नाही. माझ्या पत्रकाने दोन सरळ माणसांना एका पुस्तकात एकत्र येऊ दिलं नाही. ठेकेदारालाही हे जमलं नसतं. माफीची उरलेली पत्रकं वाटायला मला आणि बाबांना नऊ दिवस लागले. लोक म्हणायचे, "आता हे काऊन देऊन राहिली? झालं ते झालं." पहिलं पत्रक मात्र सगळ्यांनी जपून ठेवलं होतं. हे मी आज रोज पाहते. हातातल्या फोनवर कोणाला चोर ठरवायला अंगठ्याचं एक टोक पुरतं आणि खुलासा वाचायला कोणाला वेळ नसतो. फरक एवढाच की मला निदान छापखान्यापर्यंत सायकल मारावी लागली होती.

प्रस्तावना येणार नाही, प्रकाशकही नाही, हे मी बाऊजींना सांगायला गेले. ते खुर्चीत बसले होते. ऐकून घेतलं. "जोगिंदर ने ठीक कहा," म्हणाले. "कितनी ग़ज़लें रह गई हैं?"

"एकोणीस."

"तो बैठ."

पुस्तक आमच्याच छापखान्यात निघालं, जिथे पत्रकं निघायची तिथेच, तीनशे प्रती. पहिल्या पानावर त्यांचं नाव, दुसऱ्यावर थेट पहिली गझल. मधे काही नाही. नीलमदीदींनी एक प्रत तपिशांना पोस्टाने पाठवली. दीड महिन्याने त्यांचं पत्र आलं, गुरमुखीत. घरात कोणालाच वाचता येईना. मी आणि बाऊजी ऑटोने गुरुद्वाऱ्यात गेलो आणि तिथल्या ग्यानीजींना ते वाचायला दिलं. ग्यानीजींनी चष्मा लावला. वर खुशाली होती, खाली पुस्तक मिळाल्याचं होतं, प्रस्तावनेबद्दल एक अक्षर नव्हतं. मग ग्यानीजी थांबले आणि म्हणाले, "इथे लिहिलंय, एका गझलेच्या एका ओळीत वज़न लंगडतं. आणि लिहिलंय, गुस्ताख़ी माफ़, मला असं सुचतं..." आणि त्यांनी ती ओळ वाचली.

बाऊजी उन्हात बाकावर बसले. त्यांनी आपली ओळ पेरांवर मोजली. मग पुन्हा मोजली. मग तपिशांची मोजली. त्यांचा अंगठा चौथ्या पेरावर थांबायचा आणि ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे. मला भीती वाटली की आता हे चिडतील. वयाच्या ऐंशीला पोचलेल्या उस्तादाला शागिर्दाने दुरुस्त करणं त्यांच्या जगात बसतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

"हरामज़ादा," ते शेवटी म्हणाले. चेहरा उजळला होता. "ठीक कह रहा है."

घरी येऊन त्यांनी उरलेल्या साऱ्या प्रती खाटेवर मांडायला लावल्या. दोनशे चाळीस होत्या. मी प्रत्येक प्रतीत ती ओळ खोडून वर तपिशांची ओळ हाताने लिहिली, तीन दुपारी. पहिल्या दुपारी मी विचारलं, खाली बारीक अक्षरात लिहू का, ही दुरुस्ती कोणाची ते? त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुढची प्रत उघडली.

बाऊजी त्यानंतर चार वर्षं होते. तपिशही आता नाहीत. ते पुस्तक कुठे कुठे पोचलं आहे, मला अजून पत्रं येतात. गेल्या वर्षी नागपूरच्या एका प्राध्यापकांनी फोन केला. हाताने दुरुस्त केलेली प्रत त्यांना मिळाली होती. ती ओळ त्यांना साऱ्या पुस्तकात सर्वांत चांगली वाटली होती आणि त्यांना लेखात लिहायचं होतं की गुबारसाहेब छापून झाल्यावरही किती बारकाईने काम करायचे. ओळ त्यांचीच आहे ना, असं त्यांनी खात्रीसाठी विचारलं.

मी म्हटलं, हो, त्यांचीच.